पोल्काच्या खोक्यात

शिकागोत, मिलवॉकी अव्हेन्यूला, लॉन्ड्रीच्या वर, तेवीस पायऱ्या.
खाली ड्रायर घुमत असतात, म्हणून इथली जमीन
जानेवारीतही कोमट,
आणि लूशियस टिलमन खालच्या फळीवर काहीच ठेवत नाही.
"माणसं वाकली तर कधीकधी सरळ होतात," म्हणतो,
"या नाही होत."

शनिवारी दुपारी आम्ही चार-पाच जण.
कुणी कुणाकडे बघत नाही.
बोटं तेवढी चालतात, फट् फट् फट्,
नजर तांदूळ निवडणाऱ्याची.
दुसऱ्याच्या खोक्यात हात घालायचा नाही,
सापडलं तर ओरडायचं नाही,
किंमत वाचताना चेहरा हलू द्यायचा नाही.

मी एकवीस वर्षं दातांच्या कवळ्या घडवतो.
बोटांना खरखर कळते. डोळे मिटून सांगेन
साठ सालचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर कुठलं
आणि कुठलं नंतरचं, गुळगुळीत.

त्या दिवशी ट्रम्पेट संपले, पियानो संपले,
आणि बसला वेळ होता म्हणून, उगाच,
पोल्काकडे वळलो.
तिकडे कोणी फिरकत नाही. ऐकणारे गेले,
मुलांनी खोकी आणून टाकली, एक डॉलरला एक.
अकॉर्डियन, लाल गाल, झालरीचे झगे,
अकॉर्डियन, लग्नाचा केक, अकॉर्डियन,
आणि मध्येच, पाठमोरा,
हॉरेस वेनराइट.

चर्चच्या तळघरात एका रात्रीत वाजवलेला,
पाचशे प्रती, त्यातल्या निम्म्या पुरात गेल्या म्हणतात.
चौतीस डॉलर.
चुकून आलेली वस्तू अशी पाठ करून बसत नाही.
कुणीतरी ठेवला होता, पगार होईस्तोवर.
मला ठाऊक आहे. चोविसाव्या वर्षी मीही एक रेकॉर्ड
नाताळच्या गाण्यांमागे दडवली होती, जुलैत.
ऑगस्टात गेलो तर नव्हती.

तरी काउंटरवर गेलो. खोटं कशाला बोलू,
खिशात पन्नासची नोट होती.
"एक बाजू लाव."
कुठे सापडला ते लूशियसने विचारलं नाही.
सुई टेकवली.
आधी नुसती चरचर, पलीकडच्या घरात कुणी कांदा परततंय तशी,
मग तो बास,
लाकडाच्या पोटातून,
आणि खालच्या ड्रायरना जणू सम सापडली.

दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर दार उघडलं.
हॉस्पिटलचे हिरवे कपडे, वरून कोट, पोरगा पंचविशीचा.
उंबऱ्यातच थांबला.
आधी स्पीकरकडे बघितलं. मग पोल्काकडे.
मग कुठेच नाही.
हाताला लागलं ते खोकं चाळू लागला.
ऑपेरा होता तो. बोटं मात्र ताल सोडत नव्हती.

बाजू संपली. सुई आतल्या वर्तुळात टकटकत राहिली.
मी मोठ्याने म्हणालो, गरजेपेक्षा मोठ्याने,
"ओरखडे फार. चौतीस कसले, वीसचीही लायकी नाही."
एकही ओरखडा नव्हता.
लूशियसने तबकडी खिडकीशी तिरकी धरली, बराच वेळ,
माझ्याकडे बघितलं, ऑपेराकडे बघितलं,
कानामागची पेन्सिल काढून चौतीसवर काट मारली.
"बावीस," म्हणाला. "मलाही भाडं भरायचं असतं."

मी नको म्हणालो. म्हणताना तोंड कडू झालं,
ते दिसू नये म्हणून पोल्कातली पहिली आली ती उचलली,
डॉलर टेकवला, उतरलो.
त्याच्याकडे बावीस होते की नाही, माहीत नाही.
पुढचे दोन शनिवार मी तिकडे गेलो नाही.

रविवारी सकाळी लावली ती.
नऊ गाणी भयंकर.
दहाव्यात क्लॅरिनेटवाला कोणी,
कव्हरवर नावही नाही त्याचं,
आठ मात्रा चुकतो, की मुद्दाम भटकतो,
नाचणाऱ्यांना तिथेच सोडून
एकटाच कुठेतरी जाऊन येतो.

मी सुई उचलली.
बोटभर मागे ठेवली.