हातचा

टोलीडोमधलं काउंटीचं ऑफिस.
टोकन एकशे सत्तावीस. चालू आहे अठ्ठ्याण्णव.
मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी,
तिच्यात आमचा संसार, तारीखवार लावलेला:
चार आठवड्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याची पावती,
गॅसचं बिल, ग्रीन कार्डाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी,
आणि मागच्या वेळचं नकाराचं पत्र.

पत्र नम्र होतं.
आपल्या कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेहून
एक्केचाळीस डॉलरनी जास्त आहे.
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला
जास्त म्हणालं.

कुठून आले हे एक्केचाळीस, आठवत राहिले.
शेरॉनचा मुलगा तापानं फणफणला, त्या रविवारी
बेकरीत तिची पाळी मी केली.
सहा तास पावांचे ट्रे उचलले, केसांत मैदा,
आणि रात्री श्रीरंगला म्हटलं,
या महिन्यात थोडा हात मोकळा होईल.

काचेचा कारखाना बंद झाल्यापासून
तो रक्तदाबाची गोळी भाजीच्या सुरीनं अर्धी करतो.
अर्धी आज, अर्धी उद्या.
इतकी सरळ रेघ, एक कण सांडत नाही.
वीस वर्षं काच कापलेला हात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
इथे आधी पाय मोजतात.
बोटभर लांब निघाले
तर अंथरूणच मिळत नाही.

एकशे दहा. एकशे अकरा.
शेजारचा टोपीवाला म्हातारा माझं पेन मागतो,
उत्पन्नाच्या चौकटीत शून्य लिहितो,
नीट गोल आलं नाही म्हणून
पुन्हा गिरवतो.

एकशे सत्तावीस.
काचेपलीकडे मिसेस व्हिटलॉक, चष्म्याला साखळी,
कीबोर्डशेजारी अर्धं सोललेलं संत्रं.
माझं नाव ती तीनदा म्हणते,
तिसऱ्यांदा जवळजवळ बरोबर.
कुटुंबात माणसं किती?
दोन.
दोनच? स्क्रीनवरची नजर न काढता, सवयीनं:
कुणी गरोदर?

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
इचलकरंजीला आईलाही नाही,
तिला दोनदा सांगून
दोनदा शब्द परत घेतला होता.
श्रीरंगला तर नाहीच.
अर्ध्या गोळीवर चाललेल्या माणसाला
एवढं अख्खं काही कसं द्यायचं?
अकरा आठवडे ॲप्रनची गाठ
रोज थोडी सैल बांधत होते, एवढंच.
आणि आता या काचेच्या गोल भोकातून,
जिथून लोक आपला पगार सांगतात,
मी म्हटलं, हो.

तिनं मान वर केली.
अभिनंदन वगैरे नाही.
संत्र्याची बोटं रुमालाला पुसली, म्हणाली,
मग तेही धरायचं ना.
आम्ही धरतो.

शाळेत बेरजेच्या वर, कोपऱ्यात,
हातचा लिहायचा असे, अगदी बारीक.
मी हमखास विसरायचे.
तोडकर बाई खडू आपटायच्या,
हातचा कुठे गेला गं?
बाई, इथे आहे.
दोन, हातचा एक.
जन्माआधी, नावाआधी,
एका सरकारी चौकटीत तीन.

मर्यादेची रेघ वर सरकली. कळा दाबल्याचा आवाज.
तुमचं होईल, ती म्हणाली, पत्र येईल घरी.
नवऱ्याचं वेगळं तपासावं लागेल, सांगता येत नाही.
पुढचं टोकन.

पार्किंगमध्ये श्रीरंग, इंजिन बंद करून,
पेट्रोल वाचवत, काचा धुरकटलेल्या.
काय काय विचारलं?
नेहमीचंच. घरात माणसं किती.
मग? सांगितलंस ना, दोन?

मी सीटबेल्ट ओढला.
नेहमीपेक्षा जरा खालून,
सावकाश लावला.
तो बघत होता.