दारं मोजताना

कुचिंगच्या वनस्पतिसंग्रहालयात
गुरुवारी सकाळी वाटणीचा कागद आला.
शिक्का परदेशी, निकाल रेणूंचा:
शोरिया नावाचं एकत्र कुटुंब
आता एकत्र धरता येणार नाही.
लाल मेरांटी वेगळी, पिवळी वेगळी, पांढरी वेगळी,
ज्यांच्या अंगाला एकाच राळेचा वास
त्यांच्याही चुली वेगळ्या.

कुळाचं आडनाव तेवढं राहिलं, दोन पंखांच्या फळावरून पडलेलं.
तेही कुणाच्या फळाला तीन, कुणाच्या पाच,
कुणाच्या फळाला मुळीच नाहीत पंख.
नाव ठेवणाऱ्यानं हाती आलं तेवढंच मोजलं असणार.
आणि नावं ठेवणारी मी कोण?
माझं काम खळीचं.

कपाट अकरा ते एकतीस.
जुनी चिठ्ठी खरवडायची नाही, हा इथला एकच धर्म.
शेजारी नवी डकवायची, तारीख घालायची.
काही फांद्यांखाली पाच-पाच चिठ्ठ्या,
पाच घरी दत्तक जाऊन आलेल्या पोरासारख्या.

एकोणतिसाव्या कपाटात उरलेसुरले: 'अनिर्णित'.
त्यातली एक फांदी,
एकोणीसशे त्रेसष्ट, बालेह नदीच्या वरचं रान.
फूल नाही, फळ नाही,
पानं चहाच्या डागासारखी.
खाली पेन्सिलीनं: स्थानिक नाव तांबोंग.
झाडावर चढणारा: उंचात.

उंचात अजून आहे. त्याची नात शेजारच्या टेबलावर बसते.
सोमवारी ती त्याला घेऊन आली.
त्यानं दारातच चपला काढल्या,
कपाटांच्या रांगेकडे बघत विचारलं,
किती दारांचं घर हे?

फांदी समोर ठेवली. त्यानं नाक लावलं.
"वास गेलाय. साल कुठाय?
साल कापून जिभेला लावल्याशिवाय
मी कधी झाडाचं नाव घेतलं नाही."
मग नातीनं पेन्सिलीची ओळ वाचून दाखवली,
आणि म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"साहेब दर नावामागे दोन सिगारेटी द्यायचा.
त्या दिवशी पस्तीस नावं झाली,
छत्तिसावं झाड मला येईना.
म्हणून थोरल्या बहिणीचं नाव दिलं.
तेव्हा ती माझ्याशी बोलत नव्हती.
झाडही तसंच होतं, सरळसोट,
साठ हातांपर्यंत फांदी म्हणून नाही."

तीन याद्यांत उतरलंय ते नाव.
एकानं तर अर्थही लावलाय: 'बहुधा, कडू.'
हे सांगितलं तेव्हा उंचात म्हणाला,
"कडू तर ती होतीच."

मी विचारलं, मग हिला ठेवू कुठं?
लालमध्ये बसत नाही, पिवळ्यात बसत नाही.
तो थोडा वेळ बोटं मोजत राहिला.
"आमच्याकडे भाऊ वेगळा झाला
तर छप्पर कुणी उतरवत नाही.
टोकाला आणखी एक खोली काढतात,
पुढची पडवी सगळ्यांची एकच.
हिला टोकाला ठेवा.
घर तिकडंच वाढतं."

बालेहच्या वर आता ओंडक्यांच्या ट्रकांचा रस्ता आहे.
ते झाड आहे का, हे त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही. मला माहीतही नव्हतं.

जाताना खिशातून दोन सिगारेटी काढून
त्यानं कागदाशेजारी ठेवल्या.
"साहेबाच्या. छत्तिसाव्याच्या."
फांदीच्या कागदावर एक छोटं पाकीट असतं,
गळलेल्या तुकड्यांसाठी;
क्षणभर वाटलं, त्यात घालाव्यात.
पण तंबाखूचा किडा कागदांना लागतो,
एक कपाट महिन्यात भुसा करतो.

नवी चिठ्ठी डकवली. तारीख घातली.
निर्णयाची जागा कोरी सोडली.
जुनीखाली बारीक अक्षरात लिहिलं:
तांबोंग, उंचातची थोरली बहीण.

दुपारी मागच्या पायरीवर बसून
नातीनं आणि मी
त्या दोन्ही ओढून टाकल्या.