नाव

(सेंकू नदी, लेसोथो)

सर्वेवाली पोरगी आली होती मार्चमध्ये.
हातात टॅब, बुटांना आमच्या उताराची लाल माती.
दवाखाना किती लांब, तिने विचारलं.
मी म्हटलं, तो काय, हाकेच्या अंतरावर.
पलीकडच्या कड्यावर पत्रा चमकत होता.
तिने लिहिलं: नऊ किलोमीटर.

नऊ बरोबर आहे.
कावळ्याला.

बाकीच्यांना आधी उतार, गुडघे मोडणारा,
मग नदी. मग मी असलो तर मी,
जेवायला गेलो असलो तर शीळ घाला, थांबा,
वल्ह्याला तडा गेला असेल तर तार गुंडाळेपर्यंत थांबा.
आणि पाणी तपकिरी झालं की मीही नाही म्हणतो.
मलाही पोरं आहेत.
मग चढ. घोडं मिळालं तर घोडं.

हे मी तिला सांगितलं नाही.
तिच्या टॅबमध्ये एकच रकाना होता.

मालिपुओ आली ती जुलैत, ऐन बर्फाची, पहाटे.
आमच्यात सुनेला उंबऱ्यावरच आई करतात:
मालिपुओ, लिपुओची आई.
लिपुओ त्यानंतर चार वर्षांनी जन्मली.
लिपुओ म्हणजे बोलणी.
अकरा महिन्यांची, ब्लँकेटात पाठीशी बांधलेली,
दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा,
रडण्यापुरताही वारा छातीत उरला नव्हता.

काठाचं बर्फ वल्ह्याने फोडत निघालो.
ती काहीतरी मोजत होती.
मला वाटलं, भाड्याची नाणी.
मध्यावर म्हणाली, थांबली का ही?

मी वल्ही उचलली.
नाव आपली खाली वाहू लागली.
दोघांनी ऐकलं:
पाणी, पाणी,
मग रिकाम्या जात्यासारखी बारीक घरघर.
वल्हव, ती म्हणाली. वल्हव ना.

चढावर तिचं ब्लँकेट दिसत राहिलं,
मग नुसती हालचाल,
मग कडा.
पत्रा अजून चमकत नव्हता.

आज नववा दिवस.
भाडं द्यायचं राहून गेलंय, मला काही घाई नाही.
गावात विचारतात, मालिपुओ आली का?
तिला दुसरं काय म्हणणार?
आमच्यात ते नाव बदलत नाही,
काहीही झालं तरी.

पलीकडून शीळ आली
की मी डोळ्यांवर हात धरून बघतो.
माणूस आहे एवढं कळतं, बाई आहे हेही.
पाठीवर कुणी आहे का,
ते इतक्या लांबून कळत नाही.