दमाची जागा

पिंपळखुट्याच्या लग्नात नातवाचा डीजे वाजते
अन् माह्या घरातले फळीवरचे गंज
एकमेकायले खेटून थरथरतेत.
लोक म्हणतेत, दौलतराव, सांगा त्याले काही,
तुमच्या जमान्यातली गाणी काय होती!
मी सुपारी चावतो.

काय सांगू?
गावात लाईट आली, त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात
पुलगावहून भोंगा आणला होता मी,
सायकलच्या कॅरिअरले बांधून.
रेकॉर्डी कोऱ्या धोतरात गुंडाळून पोटाशी धरल्या,
एका हातानं हँडल.
चिंचेवर भोंगा चढवला, सुई ठेवली,
तं तीन गावचे कुत्रे भुकले.

पाटलाच्या पोरीचं लग्न होतं ते.
मांडवाच्या मेढीपाशी उकंडा बसला होता,
सनईची पत्ती ओठात भिजवत.
पत्ती भिजली, वाळली, त्यानं पुन्हा भिजवली.
त्याले कोणी वाजव म्हटलंच नाही.
पंगती उठल्यावर, वेगळं बसवून,
द्रोणात बुंदी वाढली. मजुरी अर्धी.
जाताना मले एवढंच म्हणाला,
"तुह्या डब्याले तहान नाही लागत, नाही?"

त्या दिवसाची माही कमाई बारा रुपये.
घरी येऊन दोनदा मोजली.

आता म्हातारे म्हणतेत, हे काय गाणं आहे,
नुसतं छातीत बुक्क्या मारते.
त्यायच्या बापायनं माह्या भोंग्याले
याच्याहून वाईट म्हटलं होतं:
गाय पान्हा चोरते म्हणे,
कोंबडी अंड्यावर बसत नाही म्हणे.
म्हणून मी डीजेले वाईट म्हणत नाही.
चांगलंही म्हणत नाही. माह्या छातीत डॉक्टरनं
जाळी बसवली आहे, तिले विचारा.

परवा प्रज्वल कीबोर्ड घेऊन ओट्यावर बसला.
आबाजी, ऐका, सनई.
एक बटन दाबलं. खरंच सनई. गोड.
बोट उचलेपर्यंत थांबलीच नाही.
मी म्हटलं, हे उकंडा नाही.
कोण उकंडा?

उकंड्याले दमा होता. त्यात बिडी.
सूर वर चढला का मधातच तुटे,
तो एक घास हवा घेई, खाली पाही,
अन् तेवढ्या वेळात बाया
अक्षतांची मूठ आवळत.
मले गुणगुणून दाखवता येईना.
सूर आठवतच नाही,
ती तुटलेली जागा आठवते.
मग हात वर केला, असा,
तिथंच थांबवला, खाली आणला.
पोट्टं हुशार. त्यानं मशीनमधी
बरोबर तेवढी जागा कोरली.

काल वरातीत, बसस्टँडच्या वळणावर,
ती आली.

अर्धं गाव एका पायावर.
नवरदेवाच्या घोड्यानं कान टवकारले.
दूर धुऱ्याकडून एक टिटवी ऐकू आली,
ती केव्हाची ओरडत होती, कोणाले ठाऊक.

"बंद पडलं का बे?" कोणीतरी बोंबललं.

मग बास आदळला, धूळ उडाली,
पोट्टे पुन्हा नाचाले लागले.
मी ओठावरून जीभ फिरवली.
तहान लागली होती.
थंड पाण्याच्या कॅना मांडवात होत्या,
अन् मांडव अजून लय दूर होता.