श्वास वगळून

खुर्चीत बसायच्या आधी तो दाराशीच थांबला,
चार पायऱ्यांचा दम माझ्यापासून लपवत,
जणू भिंतीवरचं कॅलेंडर वाचायलाच आलाय.
मी ओळखलं.
अकरा वर्षं गांदियात विमा विकतेय मी,
माणूस काय झाकतो ते त्याच्या आधी टेबलावर येऊन बसतं.

एम्रिस प्यू. वय एकसष्ट. वेल्सहून आलेला.
राहण्याच्या परवान्याला पॉलिसी हवी, पॉलिसीला फॉर्म,
आणि फॉर्मला हवं असतं
जे जे आधीपासूनचं.

त्याच्या स्पॅनिशमध्ये भूतकाळ नव्हता.
संध्याकाळच्या वर्गात अजून तिथवर पोचले नव्हते म्हणे.
'मी खाणीत काम करतो,' तो म्हणाला,
'सोळा वर्षांचा आहे. छपरांच्या पाट्यांचा दगड फोडतो.
वडीलही फोडतात. वडील खोकतात.
मग ते खोकत नाहीत.'
मी एकेक वाक्य मागे सरकवत लिहीत गेले:
होता. फोडायचा. वारले.
शेवटी छातीशी आले तर तिथे काय लिहायचं कळेना.
ती धूळ होती नव्हती, आहे.
फोटोत दोन्ही बाजूंना पांढरी खडी विखुरलेली,
डोंगराचा बारीक चुरा, सामानात न दाखवता आणलेला.

बायकोचा फॉर्म तीन मिनिटांत झाला.
नाही, नाही, नाही, एकदा बाळंतपण, नाही.
तिला स्वतःच्या तब्येतीची लाज वाटल्यासारखी दिसली.

उत्तर माद्रिदहून आलं, नवव्या दिवशी.
हाडं मंजूर. मूत्रपिंडं मंजूर. डोळे मंजूर.
रात्री-अपरात्री अॅम्ब्युलन्स, तीही मंजूर.
वगळलेलं: फुप्फुसं,
आणि फुप्फुसांमुळे उद्भवणारं काहीही.

ज्यांच्यासाठी घर विकून ते इथे आले होते, तीच.
तिकडच्या डॉक्टरनेच सांगितलं होतं,
हिवाळा छातीवर बसणार नाही अशा गावी जा.

मेरेरिद म्हणाली, हा जिन्यावरून पडला तर?
पैसे मिळतील.
दम लागून पडला तर?
नाही.
आणि पडल्यावर दम लागला तर?
ते ठरवावं लागेल, मी म्हटलं.
कोण ठरवणार?
मी स्टेपलर उचलून जागेवर ठेवला. तो जागेवरच होता.

एम्रिस हसला. हसता हसता खोकला लागला,
खोकता खोकता त्याने हात वर केला,
हे धरू नका, हे हसण्याचं आहे.

सही झाली. माझं कमिशनही झालं.
मग ते उठताना मी माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहिलं,
पेन्सिलने, कारण शाई म्हणजे पुरावा:
आज नगरपालिकेत जा. पत्ता नोंदवा.
वर्ष पुरं झालं की एक सरकारी योजना आहे,
दरमहा पैसे घेते,
छाती उघडून बघत नाही.
तेवढं वर्ष काढा.
काढा म्हणजे काय, त्याने विचारलं.
क्रियापद नवीन होतं.

मेरेरिद अधूनमधून बाजारात दिसायची.
आम्ही एकमेकींना टोमॅटोचे भाव सांगायचो.
जानेवारीत तीन आठवडे दिसली नाही,
तेव्हा मी त्याची फाईल काढून
उगाचच पत्ता वाचला.

परवा आले दोघं. पॉलिसी रद्द करायला.
तो पुन्हा दाराशी कॅलेंडर बघत उभा,
या वेळी लपवत नव्हता, खरंच तारीख बघत होता.
वर्ग एव्हाना पुढे सरकला असावा.
पाठ केल्यासारखं, ताठ उभं राहून म्हणाला,
'मी वर्षभर श्वास घेतलो.'

चूक होती. दहा वर्षांच्या पोरानेही पकडली असती.
मी सुधारली नाही.
'कारण' या रकान्यात 'ग्राहकाची इच्छा' असं लिहिलं,
शिक्का मारला, हात मिळवला.

ते गेल्यावर दार लोटून घेतलं, पण पुरतं नाही.
खाली उतरताना पहिली पायरी ऐकली.
दुसरी.
मग काही वेळ काहीच नाही.
मग तिसरी.