उचकी

कोइमतूरहून आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यात,
ताटाएवढी प्लेट, हळकुंडासारखी पिवळट.
मंजूरभाईंनी ट्यूबलाइटखाली ती अशी फिरवली
जशी सराफ्यात कुणी पाटली फिरवून बघतं
आणि भाव विचारत नाही.

पंचवीस वर्षांची एस्टीम. दोन दिवस
नवलख्याच्या गॅरेजात पोट उघडं टाकून पडली होती.
चावी देताना म्हणाले, आठशे.
आठशे किलोमीटर हिला छेडायचं नाही.
आणि बायपासचे धरू नकोस, ते फुकटचे.
चाकं किती फिरली ते सोड,
पाय किती वेळा उचललास ते मोज.

म्हणून मी गर्दी शोधत फिरते.
मालवा मिल, पाटनीपुरा, जवाहर मार्ग,
जिथे शहाणी माणसं गाडी नेत नाहीत तिथे नेते.
पेडल जड. संध्याकाळपर्यंत डावी पोटरी
दगडासारखी होते, रात्री झोपेत
गादीलाच दाबत राहते.
आणि पकड अगदी वर, शेवटच्या बोटभर जागेत:
नाही, नाही, नाही, आणि एकदम हो.
त्या होकाराला सगळी गाडी थरथरते.
डॅशबोर्ड, आरसा, आरशातला मागचा रिक्षावाला.

दोन्ही पृष्ठं नवी आहेत, मंजूरभाई सांगतात,
दिसतात सपाट, पण नसतात.
आधी फक्त उंचवटे भेटतात.
वास येतो, पुठ्ठ्यावर
इस्त्री विसरल्यासारखा. येऊ दे म्हणाले.

कमलआत्याला दर गुरुवारी दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं.
पहिल्याच सिग्नलला तिनं पर्स छातीशी धरली.
अगं, हिला उचकी लागलीय.
कोण आठवण काढतंय बघ.
आणि पलासियापर्यंत नावं घेत बसली:
देवासची शालू, धारचे नाना,
दूधवाला, ज्याचे अडीचशे द्यायचेत.
गाडी काही थांबेना.

सहाशे बारा.
रात्री साडेअकरा, राऊच्या अलीकडे, रस्ता मोकळा,
शेजारी एक पांढरी पोलो, आत कुणीतरी पोरगा,
त्यानं नुसतं बघितलं.
मी दाबली.
काटा चढला, गाडी नाही चढली.
इंजिन एकटंच ओरडत पुढे गेलं,
आणि मी आहे तिथेच, ऐंशीवर,
तोंडात कसलीशी कडू चव.
पोलोचे मागचे दिवे लहान होत गेले.
कुणाला सांगितलं नाही.

आठशे तीनला गेले नवलख्याला.
मंजूरभाई बसले, एक चक्कर मारून आले,
चौथ्यात घातली, पाय ठेवला, कान दिला.
बंद करून म्हणाले, कधी?
मी म्हटलं, काय कधी?
त्यांनी हातावरचं ग्रीस चिंधीला पुसलं,
एकेक बोट, घाई नाही.
वर काचेसारखं झालंय, म्हणाले. जाईल.
हळू चालवलीस तर जाईल.
आणि खिडकीतून हात घालून
ट्रिपची कळ दाबली.

शून्य.

मला वाटलं होतं ओरडतील.

आज त्रेचाळीस. गुरुवार. एलआयजीचा सिग्नल,
पुढे कचऱ्याची गाडी, तिचं तेच गाणं,
आत्या मागच्या वेळच्या यादीवरून पुढे:
उज्जैनची मावशी, भोपाळचे दोघे,
शाळेतली कुणी कुसुम.
हिरवा झाला. पाय उचलायला लागले
आणि तिनं एक नाव घेतलं,
जे आमच्या घरात
मी जन्मल्यापासून कुणी घेतलेलं नाही.

गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

दोघी काही बोललो नाही.
आत्या बाहेर बघत होती, पोह्यांच्या गाडीकडे,
जणू तिथे पोहेच आहेत.

पुढच्या चौकात
पुन्हा थरथरली. तेवढीच.