गळती

चाळीस वर्षं बाबांनी कूलरच्या टाक्या बनवल्या.
पाणी आत राह्यलं पाहिजे, एवढंच काम.
यंदा म्हणाले, आता उलटं करून पाहू.

इतवारीतून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला, किलोवर मोजून,
सायकलरिक्षावर आडवा.
गल्लीभर भिंतींवरून ऊन सरकत गेलं.

तळ सपाट ठेवला.
मामा ट्यूबवर बसून शिंगाडे तोडतात, कमरेएवढ्या पाण्यात,
खोल नाव वेलांत अडकते म्हणे.

पालथ्या नावेखाली मी.
ते वरून रिबिट ठोकायचे,
मी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायची,
घाव थेट दाढांत.
ठोकणं थांबलं की वरून आवाज:
आहेस का वं?
आहे.
तीन रविवार एवढंच बोललो आम्ही.

मग नाव सुलटी करून विटांवर ठेवली
आणि आतून चार बोटं पाणी भरलं.
ऐन मे महिन्यात.
आई काही बोलली नाही,
बादल्या मोजत राह्यली.

दोघं खाली उताणे, टॉर्च घेऊन.
जिथं थेंब, तिथं लाल खडूचा गोल.
टाकी गळली की गिऱ्हाईक भांडायला यायचं,
बाबा म्हणाले,
हिच्यासाठी कोण येईल?
त्यांच्या कपाळावर थेंब पडला.
सतरा.

वर, थंड पाण्यात मांडी घालून
शेजारचा प्रज्योत बसलेला, कधीचा.
काका, कुठवर आलो?

काटोल नाका, बाबा म्हणाले,
आणि अठरावा गोल काढला.